नानांनी मशीन पारखलं

नाना कधी कुणाच्या समोर उभे राहत नसत. बोलायचं तुमच्याशी, पण उभं राहायचं तुमच्या बाजूला, हातभर मागं. सुरुवातीला मला वाटायचं, म्हातारा अदबीनं वागतोय. अदब वगैरे काही नव्हतं. बैल समोरून बघायचा नसतो, बाजूनं बघायचा असतो, म्हणजे पाठ, पोट आणि पाय एका नजरेत येतात. बैल बघता बघता ही सवय लागली होती आणि माणसांसाठी ती बदलावी असं त्यांना कधी वाटलं नाही.

पहिल्या भेटीत मला हे ठाऊक नव्हतं. कोरेगाव भीमाच्या पुढं शिरूरच्या रस्त्याला एक कारखाना आहे, तिथं मी मेंटेनन्सला नुकताच लागलो होतो आणि नाना आमचे एक ठेकेदार. गेटपासून शेडपर्यंत आम्ही चालत गेलो. पावसाळ्याआधी काय काय उरकायचं ते मी सांगत होतो आणि ते शेजारून नुसतं हुं हुं करत होते. शेडपाशी पोचल्यावर म्हणाले, “सायेब, डावा गुडघा कवापास्नं धरलाय?”

मी ते घरीसुद्धा बोललो नव्हतो. “छे, काही नाही,” म्हटलं.

“न्हाई तर न्हाई,” असं म्हणून ते निघून गेले. संध्याकाळी गेटवरच्या वॉचमननं मला कसलंसं तेल सुचवलं. दुसऱ्या दिवशी कॅन्टीनवाल्यानं मी न मागता खुर्ची पुढं सरकवली. जाता जाता नानांनी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं.

उमेदीची सगळी वर्षं त्यांनी बैलांच्या बाजारात काढली होती. आमच्याकडं अशा दलालाला हेडी म्हणतात. एकाचा बैल दुसऱ्याच्या दावणीला नेऊन बांधायचा आणि दोघांचाही रामराम घ्यायचा, हा त्यांचा धंदा. पुढं घरोघर ट्रॅक्टर आले आणि बाजारातली जनावरं कमी झाली. त्याच सुमाराला रस्त्यालगत कारखाने उभे राहिले आणि ज्यांच्या जमिनी त्यात गेल्या त्यांनी एकेक ठेका पकडला. कुणी भंगार घेतलं, कुणी कॅन्टीन, कुणी कामगारांची ने-आण. नाना उशिरा पोचले. तोवर फक्त गटर उरलं होतं.

गटर म्हणजे रस्त्याकडेचं नव्हे. कारखान्याच्या पत्र्याच्या शेडला वर पन्हळ असते, पावसाचं पाणी वाहून नेणारी, तिला आमच्यात गटर म्हणतात. शेडच्या कडेला एक असतं, ते बरं. पण दोन शेड एकमेकांना चिकटून असले की दोन उतारांच्या मधेही एक असतं, आणि खरी घाण तिथं साठते. वर्षभराची धूळ, पाला, कबुतरांची विष्ठा, पिसं, कधी मेलेलं कबुतर. ते उपसलं नाही की पहिल्या मोठ्या पावसात पाणी थेट मशीनवर गळतं. उपसायचं म्हणजे माणसं वर चढणार, खुरप्यानं खरवडणार, पोती भरून दोरीनं खाली सोडणार. पत्र्यावर चालताना स्क्रूंच्या रेघेवरूनच चालायचं, कारण तिच्याखाली लोखंड असतं. रेघ सोडून उजेडासाठी बसवलेल्या फायबरच्या पत्र्यावर पाय पडला की माणूस सरळ शेडच्या फरशीवर.

या कामाला माणसं घेण्याची नानांची एक रीत होती. कामाला आलेल्या गड्याला ते अंगणात पाठमोरं चालायला लावत. तो निम्म्यात गेला की मागं दगडावर लोखंडी घमेलं आपटत. जो दचकला तो बुजरा, त्याला परत पाठवायचं. जो नुसता वळून बघेल तो कामाचा. एकदा कामाच्या गरजेनं हैराण झालेला एक गडी इतका दचकला की जमिनीवर बसलाच. बसल्याबसल्या रडायला लागला. नाना म्हणाले, “हे बसकं निघालं,” आणि पुढच्याला हाक मारली. बसकं म्हणजे जू मानेवर आलं की बसणारं जनावर. त्या गड्याला उठवायला कुणी गेलं नाही, कारण रांगेत सगळे आपापल्या पाळीची वाट बघत होते.

नावं ते फारशी लक्षात ठेवत नसत. बैलाचं वय जसं दातांवरून सांगतात तसं पोरसवद्या गड्याला ते चौसा म्हणत, तिशीतल्याला जुळलेला. माणसं जोडीनं लावत आणि जोडी जमवताना उंची बघत, चाल बघत, कोण डाव्या अंगाला बरा चालतो ते बघत. दोघांचं आपसात पटतं का, हे मात्र कधी विचारलं नाही.

घरीही तेच. धाकट्या मुलीला बघायला पाटसकडचं एक स्थळ आलं होतं. मुलगा शिकलेला, मुलीला फोटोत आवडलेला, पोहे झालेले. नाना मुलाला म्हणाले, “चला, विहीर दावतो.” विहीर चढावर होती. परत आल्यावर पाहुण्यांसमोर, मुलीसमोर, शेजारणी दारात उभ्या असताना म्हणाले, “पोरगं चांगलं हाय, पर छातीनं अधू हाय. दम्याचं औषध खिशात ठिवून आलंय.” मुलाचा हात आपसूक खिशाकडं गेला. स्थळ उठून गेलं. मुलगी पुढं बरेच महिने बापाशी बोलली नाही, आणि तिच्या बोलण्यावाचून त्यांचं काही अडलंही नाही.

या माणसाचा मला जो राग यायचा त्याचं मूळ इथंच होतं. ते चुकत नसत. मुलाला दमा होताच, माझा गुडघाही गेलेलाच होता. चुकले असते तर हसून सोडून देता आलं असतं. पण समोरच्यानं जिवापाड झाकून ठेवलेली गोष्ट ते बरोबर हेरत आणि चारचौघांत मांडत. त्यात त्यांना गंमत वाटायची असंही नाही. बाजारात जनावराची खोड लपवायची नसते आणि सांगायची तर मोठ्यानं सांगायची, एवढंच त्यांना माहीत होतं.

त्यांच्या माणसांत लक्ष्मण जुना होता, वरवंडचा. रोज मोटारसायकलवर एवढ्या लांब यायचा. बढाईखोर होता, पण त्याची बढाई ऐकायला मजा यायची. वर चढताना काळा गॉगल लावायचा. शेडच्या ऐन शेंड्यावर उभा राहून खिशातला कंगवा काढायचा आणि केस विंचरायचा. खाली पोरी पॅकिंगमधून बाहेर पडायच्या वेळेलाच त्याला केस विंचरायचे असायचे. “सायेब, वरनं शिरूर दिसतं मला,” असं तो शपथेवर सांगायचा. शिरूर दिसत नव्हतं, पण लक्ष्मण सगळ्यांना दिसायचा.

मग कारखान्याचा नवा नियम आला. गटर हातानं उपसायचं नाही, पोती दोरीनं सोडायची नाहीत, ओढून घेणारं व्हॅक्यूम मशीन आणा, नाहीतर ठेका दुसऱ्याला. नानांनी माझ्या मोबाईलवर मशीनचे व्हिडिओ बघितले. फोन ते डोळ्यांसमोर धरून तिरपा करत. “हे समोरनंच दावतंय,” म्हणाले. “बाजूनं दाव म्हणावं.” शेवटी पुण्याच्या एका दुकानदाराला सांगून दोन मशीनं कारखान्यातच बघायला मागवली. एक चाकांवरचं, मोठ्या पिंपाचं. ते खाली जमिनीवर उभं करायचं, एकात एक जोडलेला लांब दांडा वर न्यायचा, दांड्याचं टोक वाकडं, ते गटरात उतरायचं आणि खालूनच घाण ओढायची. दुसरं लहान, शाळेच्या दप्तराएवढं, पट्ट्यांनी पाठीला बांधून वर घेऊन जायचं.

त्या सकाळी लक्ष्मण मला पार्किंगमध्ये गाठून म्हणाला, “सायेब, दांड्याचं पास हू द्या. काय बी करा.”

“का रे?”

“दिवाळीपास्नं मला फिरतंय. वर गेलं की पत्रा डुलतो. केडगावच्या डाक्टरनं कान तपासला, म्हनला चढू नको. घरी चौघं माझ्यावर हायती. दुसरं काम मला येत न्हाई, सायेब. दांड्याचं आलं तर खाली उभं राहून करतो. नानांला बोलू नका.”

त्याला वर पाठवू नका, एवढं तरी मी नानांना सांगेन, असं मी त्याला म्हटलं. पण मशीन घेऊन आलेला टेम्पो तेवढ्यात गेटात शिरला, आणि नाना त्याच्या आधीच शेडपाशी हजर होते.

नानांनी घरून पाटी भरून आणली होती. ओला पाला, कबुतरांच्या विष्ठेचा चिखल, दोन नट, कौलाचा तुकडा आणि एक मेलेलं कबुतर. टाय लावलेला विक्रेता मशीनची माहिती वाचून दाखवू लागला तर नानांनी पाटीच त्याच्या पुढ्यात ओतली. “हे खाऊ दे त्याला, मग बोला.” मोठ्या मशीननं सगळं ओढलं. लहान मशीननं पाला आणि चिखल ओढला, कबुतर पाइपच्या तोंडाला अडकलं. नानांनी विक्रेत्याला सांगितलं, “काढा की. तुमचंच जनावर हाय.” त्यानं रुमाल गुंडाळून, तोंड फिरवून ते ओढून काढलं. गडी हसले. लक्ष्मण सगळ्यांत मोठ्यानं हसला, कारण लहान मशीन नापास झालं असं त्याला वाटलं.

मी पुढं होऊन म्हणालो, “नाना, दांड्याचंच घ्या. कुणाला वर जायलाच नको. आणि आज लक्ष्मणऐवजी दुसऱ्या कुणाला तरी लावा.”

“कडंचं गटर निघंल ह्यानं,” नाना म्हणाले. “मधल्या गटरात दांडा कसा जाणार? पत्र्याला भोक पाडून?” नंतर लक्ष्मणकडं बघून म्हणाले, “सायेबांला तुझी लई काळजी. चढ. ते बारकं बांध पाठीला.”

त्यांचं मधल्या गटराचं म्हणणं बरोबर होतं. माझं दुसरं म्हणणं त्यांनी ऐकलंच नाही, आणि लक्ष्मणनं माझ्याकडं अशा डोळ्यांनी बघितलं की मी आणखी बोललो असतो तर त्याचं बिंग फुटलं असतं. त्यानं गॉगल चढवला, पट्टे आवळले, सुरक्षा दोर अडकवला आणि शिडी चढून वर गेला.

विक्रेता आवाज, वॅट, पिशवीचं माप असलं काय काय सांगत होता. नाना त्याच्या बाजूला उभे होते आणि मान वर करून बघत होते. मला वाटलं मशीनकडं बघताहेत. वर लक्ष्मण मधल्या गटराच्या कडेनं गेला, पाइप फिरवला, वळला, परत आला. खालून सगळं झकास दिसत होतं. एकदा तो थांबला आणि त्यानं हात आडवा धरला, एवढंच. खाली उतरल्यावर घामानं डबडबला होता, पण हसत म्हणाला, “नाना, कबुतर तेवढं ह्याला झेपत न्हाई.”

“कबुतर हातानं उचलू,” नाना म्हणाले. “मशीन पास. पाठीला बसतं, वळताना आडवं येत न्हाई, शिडीभोवतीच्या लोखंडी कड्यातनं जातं. हेच घ्यायचं.” आणि त्याच दमात, “आन् ह्याला काढायचा.”

कुणाला ते कुणालाच कळलं नाही.

“लक्ष्याला. वळताना डावीकडं जातोय. दिवाळीपास्नं बघतोय मी. आज पाठीवर वजन आलं म्हणून उघडं पडलं. दोनदा स्क्रूची रेघ सोडली ह्यानं. कान बिघडलाय त्याचा. आज न्हाई तर उद्या हा वरनं खाली येणार, आन् माझा ठेका घिऊन येणार.”

लक्ष्मण हसतच होता. “नाना, चेष्टा करताय व्हय?”

“चेष्टा करायला तू माझा मेव्हणा हाईस का?”

गडी पुन्हा हसले. लक्ष्मणला हसले नाहीत, नानांची मर्जी राखायला हसले. लक्ष्मणनं गॉगल काढला. त्याचा आवाज एकदम बारीक झाला. “मग खाली ठिवा मला. वरनं पिशव्या येतील त्या रिकाम्या करतो, शिडीपाशी उभा ऱ्हातो. खाली एक माणूस लागतोच की.”

“उतरलेलं जनावर दावणीला ठिवलं की चालत्या जनावरांची नजर त्याच्यावर जाती,” नाना म्हणाले. “मग तीबी बसायला शिकत्यात. न्हाई जमणार.”

आणि ते विक्रेत्याकडं वळले. खांद्यावरचं उपरणं त्यांनी त्याच्या हातावर टाकलं आणि त्याखाली त्याची बोटं पकडली. बैलाचा सौदा असाच होतो, किंमत तोंडानं बोलायची नसते, बोटं दाबून सांगायची. विक्रेत्याला काय चाललंय ते कळेना. तो माझ्याकडं बघायला लागला. इकडं लक्ष्मण पाठीवरच्या मशीनचा पट्टा सोडवत होता आणि त्याचं बक्कल निघत नव्हतं. विक्रेत्यानं एक हात उपरण्याखाली तसाच ठेवून दुसऱ्या हातानं त्याला ते काढून दिलं.

मशीन उत्तम निघालं, हेही सांगायलाच हवं. त्या पावसाळ्यात मधल्या गटराखाली एकदाही गळती झाली नाही. कारखान्याच्या मोठ्या साहेबांनी नानांचं कौतुक केलं. खाली पिशव्या रिकाम्या करायला आणि शिडीपाशी उभं राहायला नानांनी नवा माणूस आणला. दिवसभर उभं राहायचं, पिशवी आली की झटकायची, वर बघत राहायचं. लक्ष्मणला ते डोळे मिटूनही जमलं असतं.

लक्ष्मण दौंडच्या पलीकडं एका ठेकेदाराकडं लागला. त्याच्याकडं मशीनही नव्हतं आणि बाजूनं बघणारं कुणीही नव्हतं. चढतोस का, एवढंच त्या ठेकेदारानं विचारलं आणि लक्ष्मणनं हो सांगितलं. खुरपं आणि पोतं घेऊन तो एका गोदामावर चढला. पावसाळा सरता सरता तिथून पडला. जीव वाचला, पण खुबा आणि मांडी मोडली.

नानांना मी शेवटचं बघितलं ते त्यानंतर. मी तोवर दुसरीकडं नोकरी धरली होती आणि सामान हलवायचं बाकी होतं. नानांचा फोन आला. “लक्ष्या पडला म्हणं. तुमची गाडी काढा, जाऊन येऊ.” मला बरं वाटलं. माणूस शेवटी माणूसच असतो, असलं काहीतरी माझ्या मनात आलं. न्हावऱ्यावरून आम्ही चौफुल्याला आलो. तिथं त्यांनी गाडी थांबवून पिशवीभर मोसंबी घेतली.

लक्ष्मण पडवीत खाटेवर होता. बायको शोभा चहा ठेवायला आत गेली. नाना खाटेच्या बाजूला उभे राहिले, पायावरची चादर स्वतःच बाजूला केली आणि बराच वेळ बघत राहिले. “हाड बसंल,” म्हणाले. “काठीनं चालशील. चढायचं आता इसर.”

“डाक्टरबी त्येच म्हनला,” लक्ष्मण म्हणाला.

चहा आला. मग लक्ष्मणनं विचारलं, “नाना, एक इचारू? त्या मशीनला खाली माणूस लागतोच ना?”

“लागतो.”

“मग मी ऱ्हायलो असतो तर चाललं नसतं का?”

शोभा दारातच थांबली. लक्ष्मणला काय ऐकायचं होतं ते मला कळत होतं. जमण्यासारखं नव्हतं, एवढंच ऐकायचं होतं. ते एक वाक्य मिळालं असतं तर पुढची वर्षं त्याला त्याच्या आधारानं काढता आली असती. मी घाईघाईनं म्हणालो, “कंपनीचा नियम होता, लक्ष्मण...”

“नियम कसला?” नाना म्हणाले. “चाललं असतं की. ठिवता आला असता तुला.”

“मग का न्हाई ठिवला?”

नानांनी चहा बशीत ओतला. “सवय,” म्हणाले, आणि फुंकर घातली.

मला त्या क्षणी त्यांच्या हातातली बशी उडवून द्यावीशी वाटली. जन्मात एकदा, फक्त एकदा खोटं बोलायला या माणसाचं काय जात होतं? लक्ष्मणनं चादर ओढून घेतली आणि भिंतीकडं तोंड केलं. नानांनी चहा संपवला, बशी पालथी घातली आणि उठले.

आम्ही गाडीत बसलो तेवढ्यात शोभा बाहेर आली. हातात मोसंब्यांची पिशवी होती. “नाना, पिशवी ऱ्हायली तुमची.”

“पोरांला आणलीया.”

“ऱ्हायली तुमची,” ती पुन्हा म्हणाली आणि खिडकीतून पिशवी त्यांच्या मांडीवर ठेवली. रागानं नाही, आवाजही चढला नाही. वळून आत गेली आणि दार लावून घेतलं.

वरवंड मागं पडलं. चौफुल्यापर्यंत नाना मांडीवरची पिशवी धरून बसले होते. मी मनात म्हटलं, बरं झालं, एकदाचं लागलं कुठंतरी. मग त्यांनी पिशवीतून एक मोसंबं काढलं, नखानं सोललं, सालं खिडकीबाहेर टाकली आणि दोन फोडी तोंडात घातल्या.

“गोड हाय,” म्हणाले, आणि निम्मं माझ्यापुढं धरलं.

मी गाडी चालवतोय, असं सांगितलं. थोडा वेळ त्यांनी ते तसंच हातात धरलं. मग तेही खाल्लं आणि पिशवीत हात घालून दुसरं काढलं.